नळीत प्रथिन बनवताना: मॅग्नेशियम आणि बेळगावचा पावसाळा

ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी फोडून त्यांच्या अर्कात, जिवंत पेशीशिवाय, प्रथिन बनवायचं काम मी बेळगावात करते. सगळं अडतं ते मॅग्नेशियमपाशी, म्हणून अर्काचं आधी उरकते.

पेशी जोमात वाढत असतानाच, ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ३ च्या आसपास असताना, काढायच्या. तेव्हा रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारी यंत्रं, भरपूर असतात. थंडगार बफरने धुवायच्या, फोडायच्या, ३०,००० जी वर (गुरुत्वाच्या तितक्या पट जोराने) अर्धा तास फिरवायच्या. वरचा पिवळसर द्रव तेवढा घ्यायचा, तळ ढवळायचा नाही. छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० ला. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

आता मॅग्नेशियम. रायबोसोमचे ३०एस (लहान) आणि ५०एस (मोठा) हे भाग जात्याच्या दगडांसारखे एकावर एक बसले तरच दळण चालतं. दोन्हींतल्या आरएनएवर ऋणभार, त्यामुळे ते एकमेकांना लोटतात. मॅग्नेशियम तो भार शमवतं. कमी पडलं की भाग सुटतात. जास्त झालं की आरएनएवरच्या संदेशाचं वाचन ढिलं पडतं आणि भलतंच अमिनो आम्ल साखळीत शिरतं. १९६१ साली निरेनबर्ग आणि मॅथाई या शास्त्रज्ञांनी अशाच अर्कात वापरलेल्या, नुसतं यू हे अक्षर असलेल्या आरएनएत एयूजी हा आरंभ-संकेत (वाचन जिथून सुरू होतं तो) नव्हताच. मॅग्नेशियम चढं होतं म्हणूनच रायबोसोमने ते वाचायला घेतलं.

शिवाय ऊर्जा पुरवणारे एटीपी, जीटीपी मॅग्नेशियम धरून ठेवतात. ते वाढवले की मॅग्नेशियमही वाढवावं लागतं. म्हणून प्रत्येक नव्या अर्कासाठी मी ६, ८, १०, १२, १४ मिलिमोलर (तीव्रतेचं एकक, १००० म्हणजे १ मोलर) मॅग्नेशियमच्या पाच नळ्या लावते: १५ मायक्रोलिटर, ३० अंश, चार तास. साचा (ज्यावरून प्रथिन बनतं तो डीएनए) जीएफपी या हिरव्या चमकत्या प्रथिनाचा, म्हणजे फरक लगेच दिसतो.

जूनपासून इथली हवा ओली. मॅग्नेशियम ज्या क्षारातून देते तो मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट पाणी ओढतो, दाणे चमच्याला चिकटू लागतात. मग १०० मिलीसाठी २१.४५ ग्रॅम अगदी नेमकं तोललं तरी त्यात पाण्याचंही वजन असतं आणि द्रावण १ मोलरपेक्षा पातळ निघतं. सर्वांत चमकदार नळी एकाएकी १४ कडे सरकली, तर अर्काला दोष देण्याआधी ही बाटली बघा. मी २५ ग्रॅमची सीलबंद बाटली फोडून त्याच बैठकीत अख्खी विरघळवते, एकूण ११६.६ मिली केलं की १ मोलर. बाटली आधी भरलेली आणि मग रिकामी तोलायची, कारण भरणा नेमका २५ असेलच असं नाही. मग नवं आणि जुनं द्रावण एकाच अर्कावर शेजारी-शेजारी लावून बघायचं.