शब्दकार्डं, महिना तिसरा: अलोन, लोनली आणि त्यांचा गोतावळा

तर मंडळी, माझ्या इंग्रजी-मराठी शब्दकार्डांचं अपडेट, म्हणजे एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी. सेट नंबर तीन, 'एकटं असणं', जो मी जूनमध्ये दोन दिवसांत उरकणार होते, तो ऑगस्ट संपत आला तरी टेबलावर पसरलेला आहे. अप्पा बळवंत चौकातून शंभर कोरी कार्डं आणलेली, त्यातली ६१ भरली आणि १४ फाडली.

पहिली चूक आधी सांगून टाकते. पहिल्याच दिवशी अलोन म्हणजे एकटा, लोनली म्हणजे एकाकी असं लिहिलं आणि खूश होऊन चहा टाकायला गेले. ढोबळमानाने बरोबरच आहे म्हणा, अलोन नुसती डोकी मोजतं आणि लोनली मनातलं सांगतं, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडच्या गर्दीत माणूस लोनली असू शकतो, अलोन असणं जरा अवघड. पण मग वाक्यं घालून बघायला लागले आणि कार्डाची वाट लागली. 'ही अलोन नोज' घ्या, याला 'तो एकटा जाणतो' असं कोण म्हणतं हो? आपण म्हणतो 'त्यालाच माहीत'. अख्खं अलोन आपल्या एका 'च'मध्ये मावलं! मी दहा मिनिटं त्या 'च'कडे बघत बसले होते. 'लेट अलोन'चंही तेच, तिथे आपलं 'सोडाच' येतं, म्हणजे पोळ्या सोडाच, याला चहासुद्धा जमत नाही. आणि 'लीव्ह मी अलोन'ला 'मला एकटं सोड' हे डबिंगवाल्यांचं मराठी, घरात आपण 'डोकं खाऊ नकोस' म्हणतो. एका अलोनची चार कार्डं झाली ती अशी.

बरं, हे अलोन नामाच्या आधी बसतच नाही. अस्लीप, अफ्रेड यांच्याच पंगतीतलं. टेकडीवरच्या एकट्या झाडाला 'अ लोन ट्री' म्हणायचं, तिथे अलोन चालत नाही. (लोन म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना हप्ताच आठवतो, तो भाग वेगळा.) आणि गंमत म्हणजे लोन हा अलोनचाच तुकडा आहे. मूळ शब्द 'ऑल वन', म्हणजे सगळा मिळून एकच, ते दोन्ही चिकटून अलोन झालं, मग पुढचा 'अ' गळून पडला, लोन उरलं आणि त्याला शेपूट लागून लोनली झालं. लोनलीचा अगदी सुरुवातीचा वापर शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' नाटकात सापडतो, १६०८ च्या आसपासचा, आणि तिथे तो चक्क ड्रॅगनला लावलाय! दलदलीत एकटा राहणारा ड्रॅगन, उदास वगैरे नाही. उदासी नंतर चिकटली. 'लोनली रोड'मध्ये तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे, रस्त्याला कुठलं वाईट वाटतंय, तो निर्मनुष्य असतो इतकंच.

सॉलिट्यूडवर मात्र फार वेळ गेला नाही, एकांत चपखल बसतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे ते एकांतासाठी, एकटे पडले म्हणून नाही. वेताळ टेकडीवर सकाळी साडेपाचला मिळतो तोही एकांतच, साडेसहानंतर तिथे फोनवर मोठ्याने बोलणारे काका मिळतात. पण त्याच घराण्यातलं सॉलिटरी कन्फाइनमेंट म्हणजे एकांतवासाची शिक्षा. इंग्रजीत काय आणि आपल्यात काय, तोच शब्द आपण मागितला की सुख आणि दुसऱ्याने दिला की तुरुंग.

आयसोलेटेड लॅटिनमधल्या बेटावरून आलंय, इन्सुला म्हणजे बेट, आणि वायरमनच्या पिशवीतली इन्सुलेशन टेप त्याचीच बहीण. २०२० साली आपण त्याला 'विलगीकरण' म्हणायला शिकलो, पण त्या सरकारी शब्दातलं बेट काही मला दिसत नाही.

एकलकोंड्यावर अडकले होते. लोनर बरा वाटतो, पण आईच्या तोंडचा एकलकोंडा म्हणजे पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा, त्यात तक्रार आहे आणि थोडी काळजीपण, ती लोनरमध्ये कुठून आणू? कार्डावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

आता या महिन्यातलं सगळ्यात भारी कार्ड. सदाशिव पेठेत माझी मावशी राहते, एकटीच, मुलं दोघं तिकडे न्यू जर्सीला. तिला सरळ विचारलं, मावशी, तुला एकाकी वाटतं का गं? ती शेंगा सोलत होती, वर न बघता म्हणाली, "एकाकी कसली, एक ते चार कोणी बेल वाजवू नये एवढीच इच्छा असते माझी. चार वाजता चहा टाकते ना, तेव्हा जरा करमत नाही. भांडं तेच आहे ना जुनं, सहा कपांचं."

घरी येऊन 'करमत नाही'चं कार्ड काढलं. लोनली? लोनसम जवळचं वाटतं, त्यात कुणाची तरी ओढ आहे. पण दोन्ही विशेषणं पडली, माणसाला चिकटवायची. आणि आपलं हे क्रियापद, तेही मी करत नाही, मला करमत नाही, ताप येतो तसं. शिवाय कुणी नाही म्हणून, गाव बदललं म्हणून, सुट्टी लागली म्हणूनही करमत नाही. मिस करणं, बोअर होणं, होमसिक होणं असं तिन्ही लिहून तिन्ही खोडलं. सध्या कार्डाच्या मराठी बाजूला मावशीचं वाक्य आहे, इंग्रजी बाजू कोरी. कुणाकडे काही असेल तर सांगा, फक्त डिक्शनरीतला अर्थ नको, वाक्य द्या.