पंचकल्याणीचा चौथा पाय

माळ्यावरच्या खोक्यात तो खेळण्यातला घोडा कुशीवर पडलेला सापडला. कानाचे टोक उडालेले, पाठीवरचा तपकिरी रंग हाताळून हाताळून निघालेला आणि कपाळावरचा पांढरा पट्टा चहात बुडवल्यासारखा पिवळसर झालेला.

वीतभर उंचीचा हा घोडा माझ्या एकटीचा कधीच नव्हता. एक आठवडा तो मैत्रिणीकडे असे, एक आठवडा माझ्याकडे, आणि अदलाबदलीच्या दिवशी त्याच्या अंगावरचा प्रत्येक नवा ओरखडा आम्ही सावकाराच्या बारकाईने तपासत असू. कारखान्यातून तो तीनच पांढरे पाय घेऊन आला होता. आम्हाला मात्र पंचकल्याणी हवा होता, म्हणजे चारही पाय पांढरे आणि तोंडावरही पांढरे. हा शब्द तिने आजोबांकडून आणला होता आणि एवढ्या भारदस्त शब्दापुढे एका तपकिरी पायाची काय पत्रास! त्या पायाला आम्ही रोज खडू फासत असू. खेळता खेळता तो पुसला जाई आणि दोघींच्या बोटांना लागे.

अशा घोड्यांची परंपरा बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या ब्रेयर कंपनीचा पहिला घोडा १९५०च्या सुमारास एका घड्याळाशेजारी शोभेसाठी उभा राहिला, आणि लोकांना घड्याळापेक्षा घोडाच अधिक आवडला. जुन्या प्रतिकृती जमवणारे मूळ रंगाला फार जपतात. पुन्हा रंगवायला घ्यायचा तो आधीच खराब झालेला घोडा, आणि त्याला ते नुसते ‘बॉडी’ म्हणतात. आमच्या घोड्याला बॉडी म्हणायला माझी जीभ रेटली नाही, पण तो त्याच वर्गात मोडत होता हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

जुना रंग काढण्यासाठी मी नेलपॉलिश काढण्याचे द्रावण घेणार होते, पण वेळीच थांबले. असे घोडे बहुधा सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे असतात आणि त्या द्रावणातल्या ॲसिटोनमध्ये ते प्लॅस्टिकच विरघळते. रंगाबरोबर घोडाही गेला असता. मग त्याला साबणाच्या पाण्याने धुतले, कान इपॉक्सी पुटीने घडवला, बारीक पॉलिश पेपर ओला करून सांधे घासले आणि अस्तराचा पातळ हात दिला. त्यावर ॲक्रिलिकचे पाण्यासारखे पातळ थर एकावर एक चढवत गेले, कारण जाड रंगाखाली स्नायूंचे उठाव बुजतात आणि घोड्याचा साबण होतो.

सर्वांत जास्त वेळ डोळ्यांनी खाल्ला. घोड्याची बाहुली गोल नसून आडवी असते, हे मी लहानपणापासून घोडा हातात असूनही पाहिले नव्हते. खुरांचेही तसेच. पांढऱ्या पायाचा खूर सहसा फिकट असतो आणि गडद पायाचा गडद. त्या हिशेबाने आमचा चौथा पाय खरोखर पांढरा करायचा, तर त्याचा काळा खूरही फिकट करावा लागला असता. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आता तो पाय कायमचा पांढरा करणे माझ्या हातात होते, आणि नेमके तेच करवेना.

शेवटी पाय तपकिरीच रंगवला, खूर काळाच ठेवला. संपूर्ण घोड्यावर मॅट वॉर्निशचा हात देऊन तो वाळू दिला आणि मग खडू किसून त्याची पूड मऊ ब्रशने त्या एका पायावर बसवली. अशा प्रतिकृतींवर छटा देण्यासाठी पेस्टलची पूड वापरतातच. फक्त ती टिकावी म्हणून वर वॉर्निश मारतात. मी ते मारलेले नाही.

पुढच्या आठवड्यात मैत्रीण यायची आहे. घोडा ती पायालाच धरून उचलेल, याची मला खात्री आहे. तेव्हाही ती तसाच उचलत असे, आणि कानाचे टोक त्यामुळेच उडाले होते.