जानेवारीत चालणारा वेग

हळदीच्या सौद्यांचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्यांचे हिशेब माझ्या टेबलावर येऊन पडतात. ते सांभाळणारा संगणक अगदीच संथ झाल्यामुळे जानेवारीत भाच्याच्या सल्ल्याने त्याच मदरबोर्डवर चार कोअरच्या (म्हणजे गणिते करणाऱ्या एककांच्या) जागी सहा कोअरचा प्रोसेसर बसवला. इतक्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती, परंतु ३.६ गिगाहर्ट्‌झ ही मूळ गती अभियांत्रिकीत शिकणाऱ्या भाच्याला त्या चिपचा अपमान वाटली. "मामा, सगळे कोअर ४.३ वर नेऊ," असे म्हणत त्याने बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, शिरून गुणक (मूळ घड्याळाच्या गतीला ज्याने गुणून चिपची गती ठरते तो आकडा) आणि व्होल्टेज दोन्ही वाढवले, रात्रभर प्राइम९५ हा प्रोसेसरला सतत राबवणारा प्रोग्राम चालवून यंत्राची परीक्षा घेतली आणि सकाळी विजयी मुद्रेने चहा मागितला.

चिपला ठरलेल्या गतीहून जोरात पळवण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, हा नाद तसा जुनाच आहे. १९९८ मध्ये आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या चिपचा गुणक ४.५ वर पक्का केलेला होता; तरी हौशी मंडळी बसची, म्हणजे त्या मूळ घड्याळाची, गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेत आणि ३०० ची चिप ४५० वर पळवत. फुकटात मिळालेल्या दीडपट गतीचा मोह कोणाला सुटेल?

मार्चअखेरीस माझ्या पडद्यावर निळा रंग, म्हणजे विंडोज बिघडून थांबल्याची खूण, उतरू लागला. दर वेळी संदेश निराळा असे, म्हणून मी विंडोजला दोष देत राहिलो. ती दोनदा नव्याने बसवली. दुसऱ्या खेपेस तर बसवतानाच यंत्र अडकले. आता वाटते की त्या बिचारीवर मी अन्यायच केला. प्रोसेसरने दिलेले उत्तर खरे मानूनच तिला पुढे जावे लागते. घड्याळाचा पुढचा ठोका पडण्याआधी आतले संकेत स्थिर झाले नाहीत, तर एखाद्या शून्याचा एक होतो, आणि हा फरक नेमका कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, कामातील मेमरीच्या एखाद्या पत्त्यात पडला की भलतीकडे लिहून सगळे बिघडवण्यापेक्षा ती स्वतःच थांबते.

पण जानेवारीत जे चालले ते एप्रिलमध्ये का अडावे? चिपला लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढवले की केवळ त्यापायी सुमारे २१ टक्के जास्त वीज लागते आणि तिची उष्णताच होते. पंखा ही उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, त्यामुळे खोली जितकी तापेल तितकी चिपही तापते. तापलेल्या चिपला तीच गती राखायला अधिक व्होल्टेज लागते, आणि ते द्यावे तर ती आणखी तापते. भाच्याची परीक्षा जानेवारीतल्या गार रात्री झाली होती. माझे काम सांगलीच्या एप्रिलमधल्या दुपारी चालते, जेव्हा पत्र्याखालची माझी खोली भट्टीसारखी होते.

तरीही निळ्या पडद्याची मला फारशी धास्ती नव्हती, कारण तो निदान काहीतरी बिनसल्याचे सांगतो. खरी झोप उडाली ती एका अडत्याच्या हिशेबाचा झिप केलेला बॅकअप उघडताना, कारण फाइल खराब असल्याचा संदेश आला. ती बनवली त्या दिवशी यंत्र एकदाही बंद पडले नव्हते. सगळे सुरळीत चालले आहे असे दाखवत त्याने मुकाट्याने चूक केली होती. हिशेबनिसाला याहून मोठे भय नसावे.

त्याच संध्याकाळी बायोसमधली सगळी मूल्ये मूळ जागी आणली आणि विंडोज तिसऱ्यांदा बसवली. तेव्हापासून निळा पडदा दिसलेला नाही, आणि खरे सांगायचे तर बेरजा पूर्वीपेक्षा उशिरा होतात असे मला एकदाही जाणवलेले नाही. भाचा मात्र मोठा कूलर घ्या म्हणून मागे लागला आहे. जानेवारीपासूनचे बॅकअप एकेक उघडून कागदी वह्यांशी पडताळून झाल्याशिवाय त्या विषयावर बोलायचे नाही, असे मी त्याला बजावले आहे. पडताळणीत अजून फेब्रुवारीच चालू आहे.