मेल मी उघडली, हे त्यांना कळलं कसं?

"मॅडम, काल रात्री अकराच्या सुमारास तुम्ही आमची मेल पाहिलीत ना? मग काय ठरवलंत?"

फोनवरचा माणूस अगदी अदबीनं बोलत होता, पण मी चरकले. मी त्यांना उत्तर पाठवलं नव्हतं, की मेलमधल्या कुठल्या लिंकला हातही लावला नव्हता. आपल्याला आलेलं पत्र आपण कधी वाचलं, हे पाठवणाऱ्याला परस्पर कळावंच का?

त्या संध्याकाळी जीमेलमध्ये तीच मेल काढली आणि तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' केलं. कोडच्या त्या जंजाळात अगदी तळाशी एका चित्राची ओळ सापडली: रुंदी १, उंची १. एका पिक्सेलचं चित्र, डोळ्यांना कधी दिसायचं नाही असं. त्याच्या पत्त्याला अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक शेपटी होती. माझ्या दोन्ही ईमेल पत्त्यांवर येणारं एक वार्तापत्र होतं, तेही तसंच उघडून शेजारी शेजारी ठेवलं. मजकूर शब्दशः एक, पण पिक्सेलची शेपटी निराळी. ज्याला त्याला स्वतंत्र खूण दिलेली.

असं चित्र मेलमध्ये नसतंच, ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतं. मेल उघडली की आपला ॲप ते तिथून मागवतो आणि त्या मागणीची तिथे नोंद होते. कोणत्या खुणेचं चित्र, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या जोडणीच्या क्रमांकावरून), बऱ्याचदा कोणत्या उपकरणावरून. जीमेल २०१३ च्या डिसेंबरपासून चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे आपला आयपी पत्ता झाकला जातो. मेल उघडल्याचं मात्र तरीही कळू शकतं. मला आलेला फोन त्यातलाच.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'इमेजेस' आहे. तिथे 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस', म्हणजे बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा, हे निवडलं आणि पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर चित्रं पूर्वीसारखीच हजर! पानाच्या अगदी खाली 'सेव्ह चेंजेस'चं बटण असतं, ते दाबायचंच राहून गेलं होतं. दुसऱ्या खात्याला ही सेटिंग पुन्हा वेगळी करावी लागली आणि फोनवरच्या ॲपमध्येही एकेका खात्यात शिरून खात्री केली. संगणकावर मी मेल वाचायला थंडरबर्ड हा प्रोग्रॅमही वापरते. तो बाहेरची चित्रं मुळातच अडवतो, त्यामुळे तिथे काही करावं लागलं नाही.

बहिणीकडे आयफोन आहे. ॲपलनं २०२१ मध्ये आयओएस १५ या आयफोनच्या प्रणालीबरोबर वेगळाच उपाय आणला: मेल उघडा किंवा उघडू नका, ॲपलच्या मेल ॲपमध्ये चित्रं मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच उतरवून ठेवली जातात, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नोंदीला अर्थच उरत नाही. मला ही युक्ती फार पटली, कारण वाचणाऱ्याला चित्रांवाचून राहावं लागत नाही. पण बहीण मेल वाचते जीमेलच्या ॲपमध्ये, आणि तिथे हे संरक्षण लागू होत नाही. मग तिच्याही फोनवर तीच सेटिंग करून दिली.

सुरुवातीचे काही दिवस मेल ओक्याबोक्या वाटल्या. नुसत्या रिकाम्या चौकटी. पण मजकूर सगळा वाचता येतो, आणि ओळखीच्यांनी मेलला जोडून पाठवलेले फोटो नेहमीसारखेच उघडतात. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते: 'डिस्प्ले इमेजेस' एकदा दाबलं की त्या मेलमधली बाहेरची सगळीच चित्रं येतात, त्यात तो पिक्सेलही आला. एखादा तक्ता किंवा तिकिटाचा कोड बघायचाच असेल, तर मी तेवढ्यापुरतं दाबते. 'या पाठवणाऱ्याची चित्रं कायम दाखवा' हा पर्याय अजून कोणालाच दिलेला नाही. लिंकांमध्येही अशाच खुणा असतात, म्हणून शक्य तिथे संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करते.

पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा फोन आला. सुधारित दर पाठवले होते त्यांनी, आणि मी ते आदल्या रात्रीच नीट वाचले होते.

"मॅडम, आमची मेल बघितलीत का?" त्यांनी विचारलं.

"हो, वाचली," मी म्हणाले.