कोजागरीच्या रात्री देवयानी

दुर्बिणीची वेळ मागताना पौर्णिमा कुणालाच नको असते. चांदण्यात आकाशच उजळतं आणि मंद तारे त्यात बुडतात. आमच्या गटालाही अमावास्येच्या आगेमागेच रात्री मिळायच्या. माझ्या ताऱ्याला मात्र त्या सोसत नव्हत्या.

तारा म्हणजे देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतला व्ही-१. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर एडविन हबलने त्याला आधी नवतारा, म्हणजे अचानक भडकलेला तारा, ठरवलं होतं, मग ती खूण खोडून तो रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, असल्याचं लिहिलं. हा सेफीड जातीचा रूपविकारी. त्याचा उजळण्या-मंदावण्याचा काळ जितका मोठा, तितकं त्याचं मूळ तेज जास्त. हेन्रिएटा लेविटने १९१२ मध्ये मॅजेलनच्या छोट्या मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेतल्या, २५ ताऱ्यांवरून हे नातं दाखवलं होतं. मूळ तेज कळलं की ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर निघतं. हबलचं उत्तर ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होतं, आज आपण २५ लाख म्हणतो. पण देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे ठरायला तेवढंही पुरलं.

व्ही-१ चा आवर्तकाळ ३१.४ दिवस. अमावास्या ते अमावास्या २९.५. म्हणजे दर अमावास्येला तारा स्वतःच्या चक्रात जेमतेम दोन दिवस मागे सापडायचा. सेफीड झपाट्याने उजळतो आणि रेंगाळत मंदावतो. आम्ही त्याला दर वेळी त्या उतारावरच गाठत होतो, पण महिन्यागणिक थोडं वरच्या जागी. त्यामुळे आलेखात तो हळूहळू उजळतोय असं दिसे. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसं. खरी चढण पंधरा दिवसांनी येत होती, नेमकी पौर्णिमेला.

मग उजेडातल्या रात्री मागितल्या. त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं नाही, हे वेगळं सांगायला नको. मिळाली ती कोजागरी आणि तिच्या आधीची रात्र. अश्विनातला पूर्ण चंद्र देवयानीपासून फार लांब नसतो, तेव्हा याहून वाईट रात्र शोधून सापडली नसती.

दुर्बीण लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर. आरसा दोन मीटरचा. आम्ही बसतो बंगळूरजवळ होसकोट्याला, उपग्रहामार्फत ती चालवत. रात्री आईचा फोन आला. "चंद्राला दूध दाखवलंस का गं?" म्हटलं, "आई, आज त्याच्याकडे पाठ फिरवून बसलेय."

फिल्टर लाल निवडला. चांदणं निळ्यात जास्त विखुरतं, लाल प्रकाशात पार्श्वभूमी जरा कमी त्रास देते. पण सेफीडचा चढउतारही लालमध्ये कमीच दिसतो. दोन्हीकडून पिळवणूक. डोळ्याला दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही लाखाव्या हिश्श्याहून कमी उजेड येणार, आणि त्यात हे. एकच लांब एक्स्पोजर घेतलं असतं तर आकाशच भरून वाहिलं असतं, म्हणून छोटी छोटी बरीच घेतली आणि नंतर एकावर एक रचली.

त्यातून अमावास्येचं चित्र वजा केलं. मला या कामात सगळ्यात आवडणारा क्षण हाच: दीर्घिकेचा अख्खा धुकट उजेड, तिच्यातले न बदललेले तारे, सगळं पुसलं जातं. उरतं ते फक्त बदललेलं. चांदण्यामुळे पडदा खरखरीत होता, तरी व्ही-१ च्या जागी ठसठशीत ठिपका होता. आदल्या रात्रीचं चित्र वजा केलं तरी तिथे फिकट का होईना, काहीतरी शिल्लक होतं. चोवीस तासांत तारा वर सरकला होता.

पहाटे सरांना आलेख पाठवला. त्यांचा एका ओळीत प्रश्न आला: "त्रिपुरीला कुठे असेल?"

दोन दिवस मागे, म्हणजे चढणीच्या पायथ्याच्या आणखी जवळ. तळाचा बिंदू आमच्याकडे नव्हताच. मी त्या पौर्णिमेचाही अर्ज भरायला घेतला.