यॉर्कशरमधला ‘टी’

लीड्समध्ये शाळेच्या फाटकाशी भेटलेल्या एखाद्या आईने ‘उद्या मुलाला आमच्याकडे टीला पाठवा’ असे म्हटले, तर ते मुलाला जेवायला दिलेले आमंत्रण असते. इंग्लंडच्या उत्तर भागात, विशेषतः कष्टकरी घरांमध्ये, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास होणाऱ्या मुख्य जेवणाला ‘टी’ म्हणतात, आणि दुपारच्या जेवणाला ‘डिनर’. शाळेत दुपारी जेवण वाढणाऱ्या बायकांना आजही ‘डिनर लेडीज’ म्हणतात, ते याच वापरामुळे. आपल्याकडे रात्री नऊला पाने मांडली जातात. इथे तोवर मुले झोपलेली असतात. म्हणून मूल शाकाहारी असेल तर आमंत्रण स्वीकारतानाच तसे सांगणे उत्तम, कारण पानात बहुधा फिश फिंगर्स किंवा सॉसेज येतात.

या शब्दात इंग्लंडचा वर्गभेद साठलेला आहे, आणि मला तो भाग सर्वांत विलक्षण वाटतो. उच्चवर्गीयांचे डिनर हळूहळू रात्रीकडे सरकले, तेव्हा दुपारची पोकळी भरण्यासाठी चहा, छोटी सँडविचेस आणि केक यांचा ‘आफ्टरनून टी’ रूढ झाला; १८४०च्या सुमारास तो सुरू करण्याचे श्रेय बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांना दिले जाते. गिरणीतून भुकेने परतणाऱ्या कामगाराला असल्या नाजूक खाण्याचा उपयोग नव्हता. त्याच्यासाठी मांस, पाव, बटाटे आणि सोबत कडक चहा असे भरपेट जेवण असे, आणि त्यालाच ‘हाय टी’ हे नाव होते. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ‘हाय टी’ला जो थाट चिकटला आहे, तो मुळात या नावाला नव्हता.

इंग्लंडच्या दरबारात चहापानाची आवड रुजवण्यात १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी विवाह करून आलेल्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनचा मोठा वाटा मानला जातो. मुंबई बेटे इंग्रजांना आंदण मिळाली ती याच विवाहात.

दक्षिणेकडे डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये ‘क्रीम टी’ मागितला, तर चहासोबत स्कोन, मुरंबा आणि घट्ट साय येते. डेव्हनमध्ये साय आधी लावतात, कॉर्नवॉलमध्ये मुरंबा. कसोटी सामन्यातला ‘टी’ मात्र वीस मिनिटांचा विश्रांतीकाळ असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

नवख्या माणसाने आमंत्रण मिळताच ‘किती वाजता?’ एवढे विचारावे. चार म्हटले तर घरून जेवून जावे. साडेपाच म्हटले तर उपाशी जावे.