मोरपीस घरी राहिलं

सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमावर लहानपणापासून गळ टाकतोय. तंगूस, शिशाचा तुकडा, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, सगळा संसार एका डब्यात मावायचा. त्यामुळं वेल्समधला भाचा म्हणाला, "मामा, जुलैत या, सी ट्राउट धरू," तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं!

हा मासा म्हणजे जातीनं तिथला साधा ब्राउन ट्राउटच. पण नदीत जन्मून समुद्रात जातो, खाऊन-पिऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. आल्यावर फारसं खातच नाही. दिवसा सावली हलली तरी बुजतो, म्हणून रात्री धरायचा, तेही पिसं बांधलेल्या गळानं, म्हणजे फ्लायनं. माझी गांडुळं बाद.

दहा फुटी, सात नंबरची काठी भाच्याकडं होती. (हा नंबर वजनाचा, काठीचा आणि दोरीचा जुळावा लागतो.) सरावासाठी तसलीच मी इथं मागवली आणि दोरी मात्र स्वस्तात मिळाली म्हणून पाच नंबरची घेतली. आपल्याकडं शिशाच्या वजनानं गळ लांब जातो. फ्लायला वजनच नसतं, तिला जाड दोरीच ओढून नेते. माझी दोरी हलकी, काठी वाकायलाच तयार नाही. पैसे पाण्यात. दुसरी, सात नंबरची तरंगती दोरी घेतली आणि गळ काढून टोकाला लोकर बांधून रात्री आयर्विन पुलाजवळच्या घाटावर सराव केला. एकानं विचारलंच, "काका, पाण्याला चाबूक का मारताय?"

खरा वेळ गेला फ्लाय बांधण्यात. टील ब्लू अँड सिल्व्हर ही तिथली जुनी फ्लाय: चंदेरी अंग, निळा गळा, वर टील बदकाचं पट्टेरी पीस. चंदेरी अंगाला गणपतीच्या मखराची जर वापरली. तिच्यावर वेढे द्यायला बारीक तार मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणली. कशाला पाहिजे ते सांगितल्यावर दुकानदारानं दोनदा विचारलं. कोंबड्याच्या मानेचं पीस निळीत बुडवलं, ते धड निळं झालं नाही. मग हौसेनं चार फ्लाय मोरपिसाच्या बांधल्या. इतक्या देखण्या की बायको म्हणाली, कानात घालते.

बॅग भरताना कळलं, मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही, पण देशाबाहेर न्यायला बंदी. पिसांची भानगडच नको म्हणून सगळ्याच फ्लाय घरी ठेवल्या.

तिकडं सरकारी परवाना वेगळा, क्लबाचा पास वेगळा. भाच्यानं दोन्ही काढून ठेवले होते. टाउई नदीच्या काठावर दहा वाजून गेले तरी उजेड होता. मी काठी उचलली की तो म्हणायचा, "थांबा मामा, आत्ता टाकलं तर डोह बिघडेल." त्यानं काढून दिली ती काळी, मळकी, सहा नंबरच्या गळावरची फ्लाय, गळाचा उलटा काटा दाबून बोथट केलेला. म्हणाला, खालून बघणाऱ्या माशाला अंधारात रंग कुठला दिसतोय, आकार दिसतो.

अकराच्या पुढं दोरी ताणली. मी मरळीला देतो तसा हिसका दिला. मासा सुटला. त्याचं तोंड मऊ असतं, हे भाचा नंतर म्हणाला. दुसऱ्या वेळी काठी नुसती उचलून धरली आणि रीळ कुरकुरत सुटलं.